आरसा वाकवायचा कशासाठी?

गेल्या अंकात मी जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशांवर लिहिलं होतं. त्यात शेवटाकडे एक वाक्य होतं: पुढच्या अवकाश दुर्बिणींचे आरसे आणखी हलके होतील आणि वर गेल्यावर आपला आकार बदलून घेतील. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी उरलेल्या चार पानांवर आली नाहीत, आणि मला त्याचा फार आनंद झाला. सत्तावीस वर्षं मी पुण्यातल्या एका कारखान्यात भिंगं आणि लोलक घासले. आता दर रविवारी शाळेतल्या मुलांकडून दुर्बिणीचे आरसे घासून घेते. काचेचा आकार बिघडू नये, यासाठी हात राबवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे मुद्दाम वाकवल्या जाणाऱ्या आरशाबद्दल मला पुष्कळ सांगायचं आहे. जागेत बसली तेवढी पत्रं घेतली आहेत.

प्रश्न: आमचे सर म्हणतात, तारे लुकलुकतात ते हवेमुळे, आणि म्हणून जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींत वाकणारे आरसे बसवतात. पण अवकाशात हवाच नाही. मग तिथे वाकणारा आरसा कशाला? (दहावीची विद्यार्थिनी, बार्शी)

तुझे सर अगदी बरोबर सांगतात. हवेने केलेली गडबड आरसा वाकवून निस्तरायची, ही कल्पना होरेस बॅबकॉक या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९५३ साली मांडली. आज चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या चौथ्या दुर्बिणीवर १.१ मीटर रुंद आणि फक्त २ मिलिमीटर जाड असा दुय्यम आरसा आहे. त्याच्या मागे ११७० छोटे विद्युतचुंबक आहेत. हवा सतत हलते, म्हणून त्यांनाही सेकंदाला हजारच्या आसपास वेळा आरशाचा आकार बदलावा लागतो.

अवकाशात ही धावपळ नाही. पण आरसा बिघडायला हवाच लागते असंही नाही.

रविवारच्या वर्गात नवीन मूल आलं की मी त्याला पहिल्याच दिवशी एक गोष्ट दाखवते. सहा इंचांचा, पॉलिश झालेला आरसा स्टँडवर उभा करायचा. समोर बारीक छिद्राचा दिवा, आणि आरशावरून परत येणारा प्रकाश जिथे एकवटतो तिथे दाढीचं पातं. पात्याने तो प्रकाश अर्धवट कापला आणि मागून डोळा लावला, की आरशाचा पृष्ठभाग टेकड्या-दऱ्यांच्या नकाशासारखा उठून दिसतो. पॅरिसच्या लेऑं फुको यांनी एकोणिसाव्या शतकात शोधलेली ही चाचणी आम्ही आजही तशीच वापरतो. मग मी मुलाला सांगते, आरशावर अंगठा ठेव आणि दहा अंक मोज. अंगठा काढून पात्यामागून पाहिलं की त्या जागी चक्क टेंगूळ आलेलं असतं! अंगठ्याच्या उबेने तेवढी काच फुगलेली असते. टेंगळाची उंची केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढी, पण दुर्बिणीतलं चित्र बिघडवायला ती पुरते. ते विरायला काही मिनिटं लागतात, आणि तोवर मुलं एकमेकांना ढकलत पात्यामागे रांग लावतात. काच ही कडक वस्तू आहे, ही समजूत त्या दिवशी सुटते.

आता विचार कर, अवकाशात जाणाऱ्या आरशाला काय काय सोसायचं असतं. तो घडतो जमिनीवर, म्हणजे स्वतःच्याच वजनाने किंचित लवलेल्या अवस्थेत. वर गेला की वजन नाहीसं होतं आणि तो उसळी मारून सरळ होतो. त्याआधी रॉकेटची थरथर सोसलेली असते. नंतर थंडी. वेबचे आरसे पॉलिश झाले कॅलिफोर्नियात, खोलीच्या तापमानाला, आणि काम करतात उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास. एवढं गार झाल्यावर धातू आकसतो, आणि सगळीकडे सारखा आकसत नाही. म्हणून एकेक आरसा अलाबामातल्या हंट्सव्हिलला नेला, मोठ्या निर्वात टाकीत गार केला, कुठे किती वाकतो ते मोजलं, आणि परत आणून तेवढाच उलटा पॉलिश केला. म्हणजे उबेत तो मुद्दाम चुकीचा आणि थंडीत बरोबर. हातात पॉलिशचं पॅड धरलेल्या माणसाने जाणूनबुजून चुकीचा आकार द्यायचा, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

एवढं करूनही थोडा फरक उरतोच, आणि वर्षं जातील तसा नवा पडत जातो. तबल्याची पुडी कारागिराने कितीही नीट मढवली, तरी वादक मैफिलीत बसल्यावर हातोडीने गट्टे ठोकून सूर लावतोच. हवा दमट झाली की पुन्हा लावतो. अवकाशातल्या आरशाला अशी हातोडी हवी, कारण तो एकदा वर गेला की आपला हात तिथे पोचत नाही. वेब पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे.

प्रश्न: मी पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. आरसा वाकू नये असं वाटत असेल तर तो जाड करा, एवढं साधं आहे. दुसरं, तुम्ही लिहिलं की वेबचा आरसा १० नॅनोमीटरच्या टप्प्यांनी सरकतो. आमच्याकडे मायक्रॉन पकडताना घाम फुटायचा. हे कसं जमतं? (निवृत्त फिटर, इचलकरंजी)

तुमचं पहिलं म्हणणं जमिनीवर खरं आहे. काचेची जाडी निम्मी केली तर वजन निम्मं होतं, पण ताठपणा एक अष्टमांश उरतो. हे मी स्वतः भोगलं आहे. एकदा मी आठ इंचांचा आरसा अर्ध्या इंचाच्या पातळ काचेतून केला. पॉलिश सुंदर झालं, चाचणीत निर्दोष ठरला. मग तो पाठीमागच्या पाटावर सिलिकॉनचे तीन जाड गोळे लावून घट्ट चिकटवला आणि मुलांना घेऊन जुन्नरकडे गेले. रात्री बघतो तर प्रत्येक तारा त्रिकोणी! सिलिकॉन सुकताना आकसलं होतं आणि तीन जागी काच ओढली गेली होती. मुलं शनी बघायला आली होती आणि मी त्यांना तो नीट दाखवू शकले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. घरी येऊन ते गोळे पात्याने कापले आणि आरसा नऊ टेकूंवर नुसता अलगद ठेवला. पुढच्या महिन्यात तारे गोल आले.

पण अवकाशात जाडी परवडत नाही. अमेरिकेतल्या पालोमार पर्वतावरच्या हेल दुर्बिणीचा ५.१ मीटरचा आरसा १९३४ साली ओतला गेला. त्याच्या पाठीला वजन वाचवणारे खळगे ठेवले होते, तरी तो १३ टनांच्या आसपास भरतो. मी हिशोब केला: एका चौरस मीटरला साडेसहाशे किलो. हबल या अवकाश दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, आतून मधाच्या पोळ्यासारखा पोकळ, वजन सुमारे ८२८ किलो. म्हणजे चौरस मीटरला १८० किलोंच्या वर. नासाच्या नॅन्सी ग्रेस रोमन दुर्बिणीचा आरसा हबलएवढाच रुंद, पण वजन १८६ किलो. म्हणजे चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास. आणि वेबचा मुख्य आरसा अठरा षटकोनी आरशांचा मिळून बनलेला आहे. त्यातला एकेक षटकोन १.३२ मीटरचा, त्यात बेरिलियम धातू साधारण २० किलो. २५० किलोंच्या ठोकळ्यातून कोरून कोरून नव्वद टक्क्यांहून जास्त धातू काढून टाकला, तेव्हा हे वजन उतरलं. त्या मिलिंगला किती धीर लागला असेल, ते तुमच्याइतकं कोणाला कळणार?

याच वाटेने पुढे गेलं की आरसा इतका पातळ होतो की स्वतःच्या बळावर आकार धरूच शकत नाही. तिथे विचार पालटावा लागतो. ताठपणा धातूच्या वजनातून आणायचा नाही, मागच्या खांबांनी आणि मोजमापाने आणायचा. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत सर्जिओ पेलेग्रिनो यांच्या गटाने १० सेंटिमीटर व्यासाचे, मिलिमीटरहून पातळ आरसे केले. त्यांच्या पाठीवर वीज दिली की ताणणारा किंवा आकसणारा प्लास्टिकचा थर आहे, आणि त्या थरावर छापल्यासारखे विजेचे छोटे छोटे पट्टे. ज्या पट्ट्याला वीज द्याल तिथली काच वाकते. मागे मोटर नाही, स्क्रू नाही. नासाची जेपीएल ही प्रयोगशाळा आणि अमेरिकेतलीच लिव्हरमोर प्रयोगशाळा यांनी मिळून दुसराच मार्ग धरला: आधी एक उत्तम पॉलिश केलेला साचा, त्यावर धातूचे अतिपातळ थर एकावर एक चढवून चकचकीत पत्रा तयार करायचा, सिलिकॉन कार्बाइडच्या जाळीदार पाठीला तो चिकटवायचा आणि साच्यावरून सोडवून घ्यायचा. जाळीत बसवलेले छोटे खांब मग आकार सुधारतात. एका साच्यातून अनेक आरसे निघतात. ज्याने एकेक आरसा महिनोन् महिने घासला आहे, त्यालाच या कल्पनेची किंमत कळेल.

आता १० नॅनोमीटर. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा. वेबच्या प्रत्येक षटकोनामागे सहा ॲक्च्युएटर आहेत. ॲक्च्युएटर म्हणजे लांबी कमी-जास्त करणारा पाय. हे सहा पाय आरसा पुढे-मागे सरकवतात आणि तिरका करतात. सातवा मधोमध आहे, तो आरशाची पाठ ढकलून किंवा ओढून त्याची वक्रता बदलतो. खऱ्या अर्थाने वाकवणारा तो एकच. आत साधी स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणारी मोटर आहे. तीच मोटर ठोक सरकवण्याचंही काम करते आणि बारीकही. बारीक कामात गिअरनंतर लवचीक धातूची पात असते. मोटरीची मोठी हालचाल पात वाकण्यात खर्ची पडते आणि पलीकडे तिचा अगदी छोटा हिस्सा पोचतो. घासणारा भाग नाही, म्हणून ढिलेपणा नाही, बॅकलॅश नाही. उड्डाणानंतर जानेवारी २०२२ मध्ये हे आरसे आपल्या जागेवरून साडेबारा मिलिमीटर उचलले, तेव्हा वेग होता दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

याहून बारीक काम हवं असेल तर मोटर सोडून द्यावी लागते. लेड मॅग्नेशियम नायोबेट नावाचं सिरॅमिक आहे, विजेचा दाब दिला की त्याचा खांब नॅनोमीटरच्या हिशोबात लांबतो. किंवा संगणकाच्या चिपसारखी सिलिकॉनवर कोरलेली पातळ पडदी घेतात, तिच्यामागे विजेची पाटी असते, आणि विजेच्या ओढीने पडदी खाली खेचली जाते.

प्रश्न: वेबच्या आरशांना सोन्याचा मुलामा आहे असं वाचलं. चांदी स्वस्त पडली असती ना? आणि सोनं किती लागलं? (ठाण्याच्या एक आजी)

आजी, एवढ्या २५ चौरस मीटरच्या आरशाला सगळं मिळून सुमारे ४८ ग्रॅम सोनं लागलं. सराफाच्या आजच्या हिशोबाने पाच तोळ्यांना थोडं कमी. थराची जाडी १०० नॅनोमीटर. वेब अवरक्त, म्हणजे उष्णतेच्या जातीचा प्रकाश बघते, आणि तो परावर्तित करण्यात सोनं फार चांगलं. शिवाय सोनं काळवंडत नाही. चांदीचं काय होतं, ते देवघरातल्या समईशेजारच्या वाटीत तुम्ही रोज बघतच असाल. सोनं मऊ असल्यामुळे त्यावर काचेसारखा एक अतिपातळ संरक्षक थर दिला आहे.

प्रश्न: आकार हवा तसा बदलता येत असेल तर आरसा इतका काटेकोर घासायची गरज काय? साधारण करा आणि वर गेल्यावर सुधारा. हबलला ही सोय असती तर ती बिघडलीच नसती. (पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, जळगाव)

सर, हबलची चूक काय होती ते आधी थोडक्यात सांगते, कारण सगळ्या वाचकांना ती ठाऊक नसेल. एप्रिल १९९० मध्ये हबल वर गेली आणि चित्रं धूसर आली. आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. आरसा मोजण्याच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलं गेलं होतं. म्हणजे पॉलिश अप्रतिम, पण चुकीच्या मापाला. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी नाण्यांएवढे छोटे आरसे असलेलं उपकरण आत बसवलं. त्या आरशांत उलटी चूक घडवलेली होती. त्याच फेरीत नवा कॅमेराही बसवला, त्याच्या आतही अशीच दुरुस्ती होती. वाकणारा आरसा आत असता तर एवढी फेरी कदाचित वाचली असती, हे मला मान्य आहे.

पण तुमच्या पहिल्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि हे मी जरा जोर देऊन लिहिते. आकार बदलणाऱ्या आरशाला दोन मर्यादा आहेत. एक, तो फार थोडा हलतो. वर सांगितलेल्या सिरॅमिकच्या किंवा सिलिकॉनच्या आरशाची सगळी धाव मायक्रॉनच्या आसपास संपते. दुसरी अधिक पक्की आहे. आरशाच्या रुंदीत ४८ खांब असतील तर पृष्ठभागावरच्या चढ-उतारांच्या जास्तीत जास्त २४ लाटा सुधारता येतात, कारण एका लाटेला एक उंच आणि एक खोल अशी दोन टोकं लागतात. त्याहून बारीक खरखर, पॉलिशच्या पॅडने मागे ठेवलेले चरे, कडेला ढळलेला पाव मिलिमीटर, यांच्यापुढे हजार खांबही निरुपयोगी. ते हातानेच, किंवा हाताची जागा घेणाऱ्या यंत्राने, घासून काढावं लागतं. सेरियम ऑक्साइडचा लगदा आणि डांबरासारख्या पिचचं पॅड यांचं काम संपलेलं नाही.

वाकवणं आणि घासणं यांचं नातं मात्र जुनं आहे. एका हाताने अधू असलेल्या बर्नहार्ड श्मिट यांनी १९३०च्या सुमारास हॅम्बुर्गजवळ एक युक्ती केली. त्यांना एका पातळ काचेला फार अवघड वळण द्यायचं होतं. त्यांनी काच एका भांड्यावर बसवली, खालची हवा ओढून घेऊन ती वाकवली, वाकलेल्या अवस्थेत सोपा आकार घासला आणि हवा परत सोडली. काच उसळली आणि अवघड वळण आपोआप आलं. हवाईमधल्या केक दुर्बिणींचे षटकोन करताना जेरी नेल्सन यांनी हेच तत्त्व वापरलं: काच कडेने वाकवायची, गोलाकार घासायची, सोडून द्यायची. थर्टी मीटर टेलिस्कोपच्या ४९२ षटकोनांपैकी भारताच्या वाट्याचे षटकोन बंगळुरूजवळ होसकोट्याला, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्सच्या आवारात, याच पद्धतीने पॉलिश करण्यासाठी कार्यशाळा उभारली आहे. तुमच्या विद्यार्थ्यांना कधी तिथे नेता आलं तर जरूर न्या.

प्रश्न: मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आरशाला कसं कळतं की कुठे किती वाकायचं? आणि अशा आरशाने अवकाशात काही केलंय का, की सगळं कागदावरच आहे? (मूळचे सातारकर, सध्या न्यूजर्सी)

आरशाला काही कळत नाही. कळतं ते कॅमेऱ्यातल्या चित्रावरून, आणि तिथे तुमच्यासारख्यांचं काम सुरू होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेबने सप्तर्षी तारकासमूहातल्या एका ताऱ्याकडे पाहिलं तेव्हा एका ताऱ्याचे अठरा ठिपके दिसले, कारण अठरा आरसे अठरा दिशांना बघत होते. एकेक आरसा हलवून कोणता ठिपका कोणाचा ते ओळखलं, मग प्रतिमा मुद्दाम धूसर करून त्या धुसरपणाच्या आकारावरून चुका मोजल्या. मार्चमध्ये अठरांचा एक तारा झाला. अजूनही दर दोन दिवसांनी मोजणी होते आणि गरज पडली तरच आरसे हलवतात.

पण वाकणाऱ्या आरशाची सगळ्यात मोठी गरज वेगळ्याच कामाला आहे, आणि माझं मन तिथेच गुंतलं आहे. दुसऱ्या सूर्याभोवती फिरणारी दुसरी पृथ्वी बघायची आहे. बाहेरून पाहिलं तर आपला सूर्य आपल्या पृथ्वीच्या सुमारे १० अब्ज पट तेजस्वी आहे, आणि ती त्याला अगदी चिकटून दिसते. ताऱ्याचा उजेड झाकायला दुर्बिणीत कोरोनाग्राफ नावाची अडसर लावतात. तरीही आरशावरच्या सूक्ष्म सुरकुत्यांमुळे थोडा उजेड निसटतो आणि ताऱ्याभोवती ठिपके पडतात. ते ठिपके हुबेहूब ग्रहांसारखे दिसतात. मी कागदावर हिशोब मांडला: १० अब्जांत एक एवढा फिका ठिपका पडायला प्रकाशाच्या लाटेत दीड पिकोमीटरची सुरकुती पुरते. पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा हिस्सा. हायड्रोजनचा अणू १०० पिकोमीटरांच्या आसपास रुंद असतो. अणूहून लहान सुरकुती कशी असेल, असं तुम्ही विचाराल; इथे एका अणूचा प्रश्न नसतो, असंख्य अणूंच्या सरासरी पातळीचा असतो.

घासून कोणीही तिथवर पोचणार नाही, मीही नाही. म्हणून रोमन दुर्बिणीच्या कोरोनाग्राफमध्ये दोन छोटे आरसे आहेत, बोटाच्या दोन पेरांएवढे, आणि प्रत्येकाच्या मागे ४८ गुणिले ४८, म्हणजे २३०४ सिरॅमिकचे खांब. रीत अशी: आरशावर मुद्दाम एक ओळखीची सुरकुती पाडायची, ठिपके कसे बदलले ते बघायचं. मग दुसरी, तिसरी. त्यावरून निसटलेल्या उजेडाची लाट नेमकी कशी आहे ते गणिताने काढायचं आणि आरशाला तिच्या बरोबर उलटी लाट उठवायला लावायची. दोन लाटा एकमेकींना खोडतात आणि ताऱ्याशेजारी काळोखाचा एक खड्डा खोदला जातो. त्या काळोखात जो ठिपका उरेल तो ग्रह असू शकतो. दोन आरसे अशासाठी की एक लाटेचा पुढे-मागेपणा दुरुस्त करतो आणि दोघं मिळून तिचा उजळ-फिकेपणाही. नासाने रोमनच्या उड्डाणाला मे २०२७ ही शेवटची मुदत ठरवली आहे. रोमन गुरूसारख्या मोठ्या ग्रहांपर्यंत पोचायचा प्रयत्न करेल. पृथ्वीसारख्यासाठी हॅबिटेबल वर्ल्ड्स ऑब्झर्व्हेटरी या पुढच्या दुर्बिणीची आखणी चालू आहे.

आणि कागदावरच नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने डेमी नावाचा लहानसा उपग्रह केला, बुटांच्या खोक्याएवढा. त्यात १४० खांबांचा सिलिकॉनचा आरसा होता. जुलै २०२० मध्ये तो आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातून सोडला आणि एकेका खांबाला वीज देऊन तो वर खरोखर किती हलतो हे मोजलं. चित्र काढणं हा त्याचा उद्देशच नव्हता. एवढा पातळ आरसा रॉकेटचा प्रवास आणि अवकाशातली निर्वात पोकळी सोसून नीट हलतो का, एवढंच बघायचं होतं.

प्रश्न: वेबच्या आरशाला दगड लागला होता म्हणे. मग काय केलं? (वाचक, सावंतवाडी)

मे २०२२ मध्ये एका षटकोनाला अपेक्षेपेक्षा मोठा सूक्ष्म उल्काकण लागला. धातूला पडलेला खळगा कोणी भरू शकत नाही. पण त्या षटकोनाची जागा किंचित बदलून खळग्याने आलेल्या विकृतीचा काही भाग खोडून काढता आला. दुर्बिणीची पहिली रंगीत चित्रं त्यानंतर, जुलैत आली, आणि ती सगळ्यांनी पाहिली आहेत.

प्रश्न: हे घरी बघता येईल का? (सहावीतला मुलगा, रत्नागिरी)

येईल, आणि तूच करून बघ. ॲक्रिलिकचा पातळ आरसा मिळतो, फूटभर लांबी-रुंदीचा. तो एका लाकडी चौकटीत फक्त कडांनी बसव, पाठ मोकळी ठेव. सकाळच्या उन्हात असा धर की त्याचा कवडसा दहा-बारा पावलांवरच्या सावलीतल्या भिंतीवर पडेल. आरशात सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, आणि कवडसा कोणाच्या डोळ्यांवर जाऊ द्यायचा नाही. घरातलं एक मोठं माणूस सोबत असू दे. आता आरशाच्या पाठीला मधोमध एका बोटाने हलकेच दाब दे. आरसा अर्धा मिलिमीटरही फुगणार नाही, तुला डोळ्यांनी काही दिसणार नाही, पण भिंतीवरचा कवडसा पसरून जवळजवळ दुप्पट होईल. मग बोट मधून काढून एका कोपऱ्याशी दाब आणि कवडशाचा आकार कसा बदलतो ते वहीत काढून ठेव. चार ठिकाणी दाबून चार चित्रं काढ. नंतर ताईला किंवा आईला तुझ्या नकळत एका जागी दाबायला सांग, आणि फक्त भिंतीकडे बघून बोट कुठे आहे ते ओळख. जमलं की मला वही पाठव.